आठ महिने, नऊ बाटल्या: नाशिकची परवडणारी रेड वाईन, कोल्हापूरच्या घरात

दिवाळी उरकल्यावर नोव्हेंबरात पहिली बाटली आणली. दिंडोरी भागातली, शिराझ आणि कॅबर्ने या दोन द्राक्षांची मिळून केलेली, ७५० मिली, फिरकीचं झाकण, साडेसहाशेच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या दरातल्या नाशिककडच्या बहुतेक रेड वाईनना हा अनुभव लागू पडेल असं मला वाटतं.

त्याआधी आमच्या घरात वाईन म्हणजे गोव्याहून येणारी गोड पोर्ट. त्यामुळे पहिल्या घोटाला हिनं तोंड वाकडं केलं. गोडी अजिबात नाही, जांभळाची आठवण येते, मागून थोडी मिरी आणि शेवटी कोऱ्या चहासारखा तुरटपणा जिभेला धरून बसतो. पण रात्र थंड होती, ग्लास हातात बराच वेळ राहिला आणि दुसऱ्या अर्ध्यापर्यंत तो तुरटपणा आवडायला लागला होता.

हा तुरटपणा कुठून येतो ते मला तासगावच्या दाजींनी सांगितलं. त्यांची स्वतःची द्राक्षबाग आहे, माल बेदाण्याला जातो. म्हणाले, "पावणं, आमच्या द्राक्षात बी न्हाई, साल पातळ. वाईनचं द्राक्ष बारीक, सालीला जाड आन् बियाचं. तुरटपणा तिथनंच येतोय." रंगही सालीचाच, बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पिळला तर जवळजवळ पांढराच निघतो, साली रसात राहू दिल्या की तो लाल होतो. ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठी करतात ती), मग फेब्रुवारी-मार्चची तोडणी, हे गणित त्यांच्या आणि नाशिकच्या बागेत साधारण सारखंच. दाजींनी त्या दिवशी ग्लास उजेडात धरून जेवढा वेळ पाहिला, तेवढा मी कधी पाहिला नव्हता.

खरी गडबड एप्रिलमध्ये झाली. तीच वाईन, त्याच दुकानातली, पण घोट घेतला तर नुसता स्पिरिटचा भपकारा. जांभूळ गायब. बाटली खराब निघाली असं वाटून फ्रीजमध्ये टाकून दिली. दुसऱ्या दिवशी सहज फ्रीजमधून काढून थोड्या वेळानं चाखली तर नोव्हेंबरातली चव परत! तेव्हा उलगडा झाला. रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असं आपण ऐकतो, ती खोली थंड देशातली, १६ ते १८ अंशांची. एप्रिलात आमच्या स्वयंपाकघरात रात्री नऊलासुद्धा तीस अंश असतात. आता उन्हाळ्यात ओतण्याआधी अर्धा-पाऊण तास बाटली फ्रीजमध्ये ठेवतो. फार गार केली तर तुरटपणा बोचतो, म्हणून तासाच्या पुढे नाही.

मे महिन्यातली एक बाटली मात्र खरोखरच गेलेली होती. गार करूनही शिजवलेल्या मनुकांसारखी चव, रंग कडेला विटकरी. दुकानात ती काचेच्या कपाटात, दुपारचं ऊन थेट पडेल अशी उभी असायची, हे मी नंतर जाऊन पाहिलं. वाईट वाटलं. कुणीतरी वर्षभर राबून केलेली वस्तू शेवटच्या दहा फुटांत नासते. तेव्हापासून मी समोरची बाटली घेत नाही. आतल्या खोक्यातली मागतो आणि भरल्याची तारीख बघतो. या दरातली वाईन वर्षानुवर्षं ठेवायची नसते, ताजी असलेली बरी.

जेवणाबद्दल सविस्तर लिहितो, कारण कोल्हापुरात वाईन घेतली तरी ताटात मटणच असणार. तांबड्या रश्श्याबरोबर ही वाईन घेऊ नका. तीन वेळा करून पाहिलं. अल्कोहोलमुळे तिखटाची आग आणखी भडकते, तुरटपणा दुप्पट होतो आणि रस्सा व वाईन दोन्हींची चव जाते. खर्ड्याबरोबर तर नकोच. पण पांढरा रस्सा! नारळाचं दूध, खसखस, काजू आणि हाडांचा अर्क यांचा स्निग्धपणा तोंडात असताना एक घोट घ्या. तुरटपणा एकदम मऊ होतो. तेच कमी तिखटाच्या, चरबी असलेल्या सुक्या मटणाचं. हिनं आता सुक्यात कांदा-लसूण मसाला निम्मा आणि मिरी जास्त घालायला सुरुवात केली आहे, आणि तेवढ्या एका बदलानं तीच वाईन शंभर रुपये जास्त किमतीची असावी अशी लागते.

आम्ही दोघं एका वेळी एकेकच ग्लास घेतो, म्हणजे बाटली अर्ध्याहून जास्त उरते. सुरुवातीला तशीच झाकण लावून ठेवायचो. चौथ्या दिवशी आंबट. आता बाटली उघडल्या उघडल्याच उरणारी वाईन काचेच्या लहान बाटल्यांत अगदी तोंडापर्यंत भरून फ्रीजमध्ये ठेवतो. आत हवाच राहत नाही, त्यामुळे आठवडाभर चव टिकते. एवढ्या महिन्यांत सगळ्यात जास्त पैसे वाचवले असतील तर या सवयीनं.

पुन्हा घेईन का? घेतलीच आहे, नववी बाटली परवा आणली. श्रावण लागायच्या आत दाजी येणार आहेत, पांढऱ्यासाठी खाटकाला हाडं सांगून ठेवली आहेत.