अराहामा की ओकावा? एकच दिवस हाताशी असेल तर

जपानला येणारे ओळखीचे लोक हल्ली विचारतात, 2011 च्या त्सुनामीची एकच जागा बघायची तर कुठली? जपून ठेवलेल्या या दोन्ही शाळा मी पाहिल्यात, म्हणून सांगतो.

सोयीत अराहामाला तोड नाही. सेंदाईहून मेट्रोनं अराई, पुढे बस. समुद्र 700 मीटरवर, पण इमारत चार मजली. पाणी वरच्या दोन मजल्यांना शिवलं नाही आणि मुलं, शिक्षक, गावकरी मिळून 320 जण वाचले. त्यांना गच्चीवरून हेलिकॉप्टरनं हलवलं. आत वर्गांतून फिरता येतं, माहितीफलकही नीट आहेत. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर डोळे झाकून इथेच जा.

ओकावा इशिनोमाकीत, किताकामी नदीकाठी. स्वतःची गाडी नसेल तर पोचायचे हाल, आणि इमारतीत प्रवेश नाही.

तरी माझं मत ओकावाकडे झुकतं, त्याला कारण अराहामाची गच्ची. तिथे पोचलं की माणसं सैलावतात. 'वाचले बाबा सगळे' म्हणत फोटो निघतात, जेवायचं कुठे ते ठरतं. प्रत्येक वेळी तेच, मला ते खटकतंच. खालच्या वस्तीतली 190 च्या आसपास माणसं गेली, ती गच्चीवर कुणाच्या बोलण्यात येत नाहीत. त्यात शाळेचा काय दोष म्हणा.

ओकावात ही सुटका नाही. समुद्र जवळजवळ चार किलोमीटर लांब, त्सुनामीच्या धोक्याच्या नकाशात शाळा नव्हतीच. भूकंपानंतर मुलं पाऊण तासाहून जास्त वेळ पटांगणात थांबली. 108 पैकी 74 मुलं आणि 10 शिक्षक गेले. आणि टेकडी? पटांगणाला लागूनच. तिथे मुलं शाळेतर्फे शिइताके अळंबी लावायची, म्हणजे वाट पायाखालची होती. पालक कोर्टात गेले. आपत्तीच्या आधीच शाळेनं आणि शिक्षण मंडळानं सुटकेचा आराखडा नीट करायला हवा होता, असं सेंदाईच्या उच्च न्यायालयानं 2018 मध्ये म्हटलं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. पटांगणात उभं राहून टेकडीकडे पाहिलं की निकालपत्र वाचायची गरज उरत नाही.

अर्थात ज्याची त्याची आवड. ओकावा ठरलंच तर मुलं गमावलेले पालक जिथे स्वतः माहिती देतात अशी फेरी आधी ठरवून घ्या, आणि जपानी कळणारं कुणीतरी सोबत न्या.