दुसऱ्या शाखेचा विषय घेताना: ओपन इलेक्टिव्ह अभ्यासक्रमांचे परीक्षण

राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवीची जी नवी रचना आली, तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या मेजर, म्हणजे मुख्य, विषयाच्या विद्याशाखेबाहेरचे काही अभ्यासक्रम घ्यावेच लागतात. त्यांना ओपन इलेक्टिव्ह म्हणतात. वर्गात सगळे नुसते ‘ओई’ म्हणतात. त्या निर्णयात तीन वर्षांच्या पदवीसाठी त्यांना १० ते १२ क्रेडिट (श्रेयांक, म्हणजे तासांवर मोजलेला अभ्यासाचा भार) ठेवले होते, म्हणजे पदवीचा जवळजवळ बारावा हिस्सा. एवढा मोठा भाग असूनही प्रवेशाच्या गर्दीत अर्जावरील हा रकाना सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईने भरला जातो. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र मेजर घेऊन शिकणारी विद्यार्थिनी आहे आणि पहिल्या दोन वर्षांत घेतलेल्या ओईंविषयी येथे लिहीत आहे. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे खटकले ते इतर महाविद्यालयांतील मैत्रिणींकडूनही ऐकले आहे.

माझे मत असे, की ओईचा दर्जा विषयाच्या नावावरून ओळखता येत नाही. तो अभ्यासक्रम बाहेरच्या शाखेतील विद्यार्थ्यासाठी मुळापासून आखलेला आहे, की बी.ए. किंवा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा पेपर अर्धा करून पुढे केला आहे, यावर सारे अवलंबून असते.

वस्त्रोद्योगाच्या इतिहासाचा आणि अर्थकारणाचा ओई हा मी घेतलेल्यांपैकी सर्वांत चांगला. सोलापुरात १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून आजच्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांपर्यंतचा प्रवास त्यात होता. मे १९३० मधील सोलापूरचा मार्शल लॉ (लष्करी कायदा) आणि त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे यांची माहिती शाळेपासून ऐकलेली असते, पण त्या वेळच्या स्वातंत्र्य आंदोलनामागे गिरणी कामगारांची केवढी ताकद उभी होती, हे मला या वर्गात पहिल्यांदा नीट समजले. सरांनी विज्ञानाचे विद्यार्थी समोर आहेत हे कायम लक्षात ठेवले. सनावळ्या पाठ करून न घेता ते ‘असे का झाले असेल’ हा प्रश्न आमच्याकडेच सोपवत आणि उत्तराला पुरावा मागत.

याच अभ्यासक्रमात आम्हाला पूर्व भागातील एका कारखान्यात नेले होते. चादरीच्या मागावर डोक्यावर जॅकार्ड हे नक्षी विणणारे यंत्र बसवलेले असते आणि त्यातून भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. जेथे भोक असते तेथे सुई आत जाते, तिच्याशी जोडलेला हूक वर उचलला जातो आणि त्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा, धागाही. जेथे भोक नसते तेथील धागा खालीच राहतो. चादरीवरचे फूल म्हणजे या ‘आहे’ आणि ‘नाही’ यांची लांबलचक यादी आहे, हे पाहिल्यावर आमच्यातील संगणकशास्त्राची मुले मागापासून हलेनात. टॉवेलचा माग त्याहून वेगळा. त्याला ताण्याचे धागे गुंडाळलेले दोन बीम (रूळ) असतात, एक ताणून धरलेला आणि दुसरा सैल सोडलेला. फणी मारली की सैल धाग्याचे लूप कापडावर उभे राहतात, आणि सुती लूपांमुळे पृष्ठभाग वाढल्याने टॉवेल पाणी भराभर शोषतो. केशाकर्षण, म्हणजे अरुंद जागेत पाणी आपोआप ओढले जाणे, मी प्रयोगशाळेत काचेच्या नळीत पाहिले होते, ते येथे कापडात पाहिले. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीकडे मी लहानपणापासून पांघरूण म्हणूनच पाहिले होते. तिची किंमत कशातून ठरते, सुताचे दर वाढले की कारखानदार आधी कोठे काटकसर करतो आणि त्याची झळ कामगाराच्या मजुरीला कशी लागते, याचा हिशेब आम्ही प्रकल्पात मांडला. दोन क्रेडिटच्या, म्हणजे तीस तासांच्या अभ्यासक्रमाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करता येणार नाही.

वाणिज्य शाखेचा वैयक्तिक अर्थनियोजनाचा ओईही घेण्यासारखा आहे, फक्त तो शिकवणारी व्यक्ती उदाहरणे सोडवून घेणारी हवी. आम्हाला तशा मॅडम लाभल्या. त्यांनी फळ्यावर लिहिलेले एक गणित मी घरी सर्वांना दाखवले. एक लाख रुपयांचे कर्ज, दोन वर्षे, ‘फ्लॅट’ दहा टक्के व्याज. व्याज वीस हजार, हप्ता दरमहा पाच हजार. ऐकायला दहाच टक्के. परंतु मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर आकारले जाते, त्यामुळे घटत्या शिलकीच्या, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावण्याच्या, पद्धतीने हाच दर सुमारे १८ टक्के पडतो. दुचाकी हप्त्यावर घेणारी कितीतरी घरे आमच्या गल्लीत आहेत आणि हा फरक विचारून घेतलेला एकही माणूस माझ्या पाहण्यात नाही. विम्याचा भाग मात्र उरकला गेला आणि म्युच्युअल फंडाचा भाग व्याख्यांतच अडकला.

आता तक्रारीचे. पर्यटनाचा ओई मी मोठ्या उत्साहाने निवडला होता, कारण सोलापूर जिल्ह्याइतकी सामग्री फार कमी जिल्ह्यांकडे असेल. पंढरपूरची वारी, अक्कलकोट, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, नान्नजचे माळढोक अभयारण्य, उजनीच्या फुगवट्यावर येणारे रोहित पक्षी. प्रत्यक्ष वर्गात यातले एकही नाव आले नाही. पर्यटनाची व्याख्या, प्रकार, महत्त्व, फायदे-तोटे अशा नोट्स सांगितल्या गेल्या, त्या आम्ही उतरवून घेतल्या आणि परीक्षेत परत लिहिल्या. शिक्षकांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या त्या प्राध्यापकांकडे हा विषय सत्र सुरू झाल्यावर सोपवला गेला होता आणि वर्गात तीन शाखांची मुले दाटीवाटीने बसलेली होती. दोष नियोजनाचा आहे. त्याच सत्रात ओईचा तास आमच्या प्रात्यक्षिकाच्या वेळेवर आल्याने विज्ञानाच्या मुलांना दोहोंपैकी एक बुडवावे लागत होते. लेखी अर्ज दिल्यावर वेळ बदलली, पण तोवर निम्मे सत्र संपले होते.

निवडीचे स्वातंत्र्य हाही कागदावरचाच भाग ठरू शकतो. शासननिर्णयात विद्याशाखानिहाय विषयांची बास्केट तयार करण्यास सांगितले आहे, म्हणजे विद्यार्थ्यापुढे खरोखर पर्याय असावेत ही अपेक्षा आहे. आमच्याकडे यादी लांब होती, मात्र पुरेशी मुले न मिळाल्याचे कारण देऊन तिच्यातील बरेचसे विषय सुरूच झाले नाहीत आणि उरलेल्या मुलांना जागा असेल तेथे घालण्यात आले. माझी एक मैत्रीण तत्त्वज्ञान मागून वेगळ्याच वर्गात जाऊन बसली. यादी छोटी चालेल, पण तिच्यातील प्रत्येक विषय शिकवला जाईल याची खात्री हवी.

याच शहरातील महाविद्यालयांनी बोली कन्नड आणि बोली तेलुगू यांचे ओई सुरू करावेत, असे मला फार वाटते. कारखान्यात गेलो तेव्हा कामगार आपसांत तेलुगूत बोलत होते आणि आमच्या प्रश्नांना मराठीत उत्तरे देत होते. त्यांच्या बोलण्यातला अर्धा भाग आमच्यापर्यंत पोहोचलाच नाही. उद्या येथेच दवाखान्यात, बँकेत किंवा औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या पदवीधराला या दोन्ही भाषा तीस तास ऐकायला आणि बोलायला मिळाल्या तर त्याचा उपयोग नोकरीच्या पहिल्या दिवसापासून होईल, आणि शिकवणारी माणसे शोधायला शहराबाहेर जावे लागणार नाही.

प्रवेश घेणाऱ्यांनी अर्ज भरण्याआधी तीन गोष्टी विभागात जाऊन विचारून घ्याव्यात: हा विषय गेल्या वर्षी प्रत्यक्ष चालला होता का, तो कोण शिकवणार आहे, आणि त्याची वेळ आपल्या प्रात्यक्षिकांशी जुळते का. अभ्यासक्रमाची प्रत मागून वाचावी; तिच्यात एखादा प्रकल्प, भेट किंवा सोडवायची उदाहरणे असतील तर तो विषय घेण्यास हरकत नाही. मनासारखा ओई मिळत नसेल तर ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरील ऑनलाइन अभ्यासक्रमाचे क्रेडिट आपल्या महाविद्यालयात धरले जाईल का, हेही आधी विचारावे, शिकणे तेथे विनामूल्य आहे, परीक्षेसाठी शुल्क भरावे लागते. आणि सत्र संपल्यावर आपल्या अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे मिळवलेले क्रेडिट ऑनलाइन साठवणाऱ्या, खात्यात ओईचे क्रेडिट जमा झाले आहे ना, ते स्वतः पाहावे. माझ्या एका विषयाचे उशिरा जमा झाले आणि परीक्षा विभागात गुणपत्रिकेची प्रत देऊन ते करून घ्यावे लागले.