सोलापूरच्या उन्हात न् धुळीत व्हीएचटीचा कॅलिपर पेंट: घरी मारला, वापरला, आता सांगतो

आधीच सांगून टाकतो, व्हीएचटी कंपनीचा लाल कॅलिपर पेंट (कॅलिपर म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) घ्यावा का तर हो, बिनधास्त घ्या, पण चाक काढून घासायची, पुसायची, टेप लावायची तयारी असेल तरच. नुसता डबा घेतला आणि अॅलॉयच्या काड्यांमधून फवारला असं करणार असाल तर ह्या पेंटचे पैसे वाया घालवू नका, त्यात आणि साध्या ऑइल पेंटमध्ये मग काही फरक राहणार नाही. माझी गाडी पोलो, पुढे डिस्क मागे ड्रम, आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकला असंच असतं, म्हणजे रंगवायचे कॅलिपर फक्त २. गाडी चांगली होती पण अॅलॉयच्या आतून तो गंजका तपकिरी कॅलिपर दिसायचा ते बघून मला लई वाईट वाटायचं. बीडाचं लोखंड असतं ते, गंज चढणारच, त्यानं ब्रेकला काही होत नाही, पण दिसतं वाईट.

साधा ऑइल पेंट का नको हे एका वाक्यात सांगतो. ब्रेक लागला की पॅड डिस्कवर घासून उष्णता तयार होते आणि ती कॅलिपरपर्यंत येते, साधा रंग त्यात आधी मळकट होतो मग पोपडे धरतो. व्हीएचटी सिरॅमिक बेसचा आहे, डब्यावर ९०० डिग्री फॅरनहाइट लिहिलंय म्हणजे साधारण ४८२ सेल्सिअस, आपली रोजची गाडी तिथपर्यंत कधी जाणारच नाही. बऱ्याच दुकानांत ‘हाय टेम्परेचर’ म्हणून सायलेन्सरचा सिल्वर न् काळा दाखवतात, तापमानाला तो टिकतो पण ब्रेक ऑइलचा विचार करून बनवलेला असेलच असं नाही, म्हणून डब्यावर कॅलिपर असं स्पष्ट लिहिलेलं बघूनच घ्या. मला सोलापुरात दुकानात मिळाला नाही, ऑनलाइन मागवला.

आता खरं काम. ह्यात रंगाचा वाटा चाराण्याचा, बाकी बाराणे साफसफाई.

गाडी सपाट फरशीवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून मागून दगड लावा, बोल्ट जमिनीवरच थोडे सैल करा, मग जॅक. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून आत हात घालायचा नाही म्हणजे नाही, खाली स्टँड पाहिजेच, नसेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून दिवसभरासाठी आणा, आणि काढलेलं चाक पण साइडला गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. पोलोला नट नाही बोल्ट असतात, शेवटचा बोल्ट निघाला की चाक हबवरून सुटतं, म्हणून पाय लावून धरा.

मी कॅलिपर सोडवला नाही, जागेवरच रंगवला. सोडवला तर रंग सगळीकडे जातो हे खरं, पण मग तो ब्रेकच्या होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लोंबकळत ठेवता येत नाही, तारेनं बांधावा लागतो, आणि होजच उघडली तर हवा काढायचं काम वाढतं. ज्याला ब्रेकचं काम येतं त्यानं सोडवावा. बाकीच्यांनी जागेवर. चाकातून दिसतो तेवढा भाग नीट रंगला की बास आहे.

वायर ब्रशनं गंज काढायचा, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ब्रेक क्लीनर भरपूर मारायचा. मास्क लावूनच, कारण ती काळी धूळ पॅडची असते, फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची नाही. रॉकेल, डिझेल अजिबात नको, मागं तेलकट थर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. पुसायला काय वापरायचं तर आपल्या सोलापुरात घरोघरी जुने टॉवेल पडलेले असतात, हात आपोआप तिकडंच जातो, पण टेरी टॉवेलची लव सुटते आणि खरखरीत बीडाला चिकटून बसते, मग ती रंगाखाली दिसते. जुनं सुती धोतर नाहीतर बनियन घ्या, त्याला तोड नाही.

मास्किंगला घाई करू नका. ब्लीडरचं निपल (ब्रेकमधली हवा काढायचं तोंड), रबरी बूट, गाइड पिन (ज्यावर कॅलिपर सरकतो), पॅड, डिस्कची घासणारी बाजू आणि हबला जिथं चाक टेकतं ती जागा, इथं रंगाचा थेंब जाता कामा नये. गाइड पिनवर रंग बसला तर कॅलिपर सरकायला अडतो आणि मग एकीकडचा पॅड लवकर झिजतो. हबच्या तोंडावर रंग गेला तर बोल्ट घट्ट वाटतात पण रंग दबून नंतर सैल पडू शकतात. स्प्रे आहे, उडणारच, म्हणून सगळ्या डिस्कवर प्लास्टिकची पिशवी ओढायची, मागं शॉकअब आणि होजला पेपर गुंडाळायचा. ब्रशनं मारायचे दोन भागांचे पेंट पण मिळतात, हार्डनर मिसळायचे, त्यात मास्किंग कमी लागतं आणि थर जाड बसतो, पण मिसळला की ठरावीक वेळात संपवावाच लागतो. मला स्प्रेचं फिनिशिंग जास्त आवडतं.

मारायची पद्धत डब्यावर दिलीय, तीच बरोबर आहे: आधी दोन हलके हात, मग एक जरा ओला हात, मध्ये १०-१० मिनिटं. पहिल्या हातात खालचं लोखंड दिसतच राहतं, तेव्हा धीर धरा, झाकायला गेलात की ओघळ आला समजा. आणि ह्या पेंटची सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे पुढचा हात एक तासाच्या आत मारायचा, नाहीतर सरळ ७ दिवस थांबायचं. मधल्या काळात खालचा थर अर्धवट वाळलेला असतो, वरून नवीन हात पडला की सुरकुत्या येतात. म्हणून एका बाजूचं काम सुरू केलं की मध्ये उठून जेवायला जाऊ नका.

आपल्या हवेचं पण सांगतो. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४० च्या वर असतो, त्या उन्हात मारला तर रंग कॅलिपरवर पोचायच्या आधी हवेतच सुकतो आणि पावडरसारखा खरखरीत बसतो. दुपारी वारा सुटला की धूळ वेगळीच. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतली सकाळ ह्या कामाला सगळ्यात चांगली, हवा कोरडी, ऊन मऊ. आणि डबा गाडीत ठेवू नका, स्प्रेचा डबा ५० डिग्रीच्या आसपास तापला तर फुटू शकतो आणि सोलापुरात उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढं सहज होतं.

वाळल्यावर हाताला लागत नाही म्हणजे पक्का झाला असं नाही. हा रंग उष्णतेनं पक्का होतो, डब्यावर २०० फॅरनहाइट म्हणजे ९३ सेल्सिअसला एक तास लिहिलंय, ते सुट्या पार्टला ओव्हनमध्ये घालायचं असेल तेव्हाचं. जागेवर मारलेला गाडी चालवूनच तापवायचा. मी रात्रभर तसाच ठेवला, सकाळी चाकं बसवली, बोल्ट टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरावीक जोरानं आवळायच्या पान्यानं, १२० न्यूटन मीटरला आवळले (पोलोचा आकडा हा, तुमच्या गाडीचा मॅन्युअलमध्ये बघा), निघायच्या आधी जागेवर पेडल दाबून बघितलं आणि गाडी तुळजापूरला काढली. येताना घाट उतरताना ब्रेक आपसूक तापतात, मुद्दाम दाबून धरायची गरज नाही. पहिले काही किलोमीटर थोडा वास येतो, घाबरू नका.

त्यानंतर सगळा उन्हाळा गेला, पाऊस गेला, विजापूर रोडची काळी माती बसली, बोरच्या जड पाण्यानं धुतली, रंग आहे तसा आहे. लाल अजून लालच, विटकरी झाला नाही. पॅडची काळी धूळ पूर्वी गंजात रुतून बसायची ती आता ओल्या फडक्यानं निघते, मला हा फायदा दिसण्यापेक्षा मोठा वाटतो. मागच्या ड्रमला मी त्याच कंपनीचा काळा मारला, लाल ड्रम मला पटत नाही, माणूस बघतो तेव्हा नजर पुढच्या डिस्ककडं जावी.

आमच्या बिल्डिंगमधली पोरं विचारत होती, ‘दादा, ह्यानं ब्रेक जोरात लागतो का?’ नाही रे बाबांनो, ब्रेक रंगानं लागत नाही. पॅड झिजलेले असतील तर आधी तो खर्च करा, चाकं उघडलीच आहेत तर पॅडची जाडी आणि रबरी बूट फाटलेत का ते बघून घ्या.

ब्रेक ऑइल मात्र कुठल्याही रंगाचं वैरी, गॅरेजवाला ब्लीडिंग करेल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढेल, तेव्हा थेंब पडला की लगेच पाण्यानं धुवायला सांगा. २ कॅलिपरला लाल डबा पुरून उरतो, उरलेला डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबा म्हणजे नोझल चोंदत नाही, आणि सावलीत ठेवून द्या, दगड लागून कुठं टवका उडाला तर तोच उपयोगी पडतो.