व्हेनिअर कशाचं घ्यावं: कंपोझिट, पोर्सिलेन, ई-मॅक्स की झिरकोनिया? चावताना ताण कुठे जातो ते बघून ठरवा

पुढच्या दातांना व्हेनिअर, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा, बसवायचं ठरलं की पुण्यातल्या बहुतेक क्लिनिकमध्ये तीन-चार पर्याय समोर ठेवले जातात. मग बोलणं रंग, खर्च आणि 'यातलं सगळ्यात मजबूत कुठलं' इथे येऊन थांबतं. मजबुतीचा आकडा खोटा नसतो, पण तो एकट्या तुकड्याचा असतो. तोंडात मात्र अर्ध्या मिलिमीटरचं व्हेनिअर, त्याखाली सिमेंटचा पातळ थर, मग एनॅमल (दाताचं कडक बाहेरचं आवरण) आणि मग डेंटीन (त्याखालचा मऊ भाग) असे चार थर एकमेकांना चिकटून एकत्र वाकतात. त्यातला कुठला थर किती कडक आहे, यावर ताण कुणाच्या वाट्याला जाणार हे ठरतं. म्हणून निवड करताना आधी दोन गोष्टी बघाव्यात: व्हेनिअरला जागा करायला डॉक्टरांनी दात घासून पातळ केल्यावर एनॅमल किती उरणार आणि तुमचा बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात, तो कसा आहे. साहित्याचं नाव त्यानंतर.

खालच्या तक्त्यात कडकपणा म्हणजे वाकायला होणारा विरोध आणि ताकद म्हणजे वाकवत नेल्यावर तुकडा किती ताणाला तुटतो ते. कंपनीगणिक आकडे थोडे बदलतात.

| थर किंवा साहित्य | कडकपणा (गिगापास्कल) | ताकद (मेगापास्कल) |
|---|---|---|
| डेंटीन | १५ ते २० | – |
| एनॅमल | सुमारे ८० | – |
| रेझिन सिमेंट | ५ ते १० | – |
| कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिन) | ८ ते १८ | ८० ते १६० |
| हायब्रीड सिरॅमिक (सिरॅमिक आणि रेझिन मिळून) | सुमारे ३० | सुमारे १५० |
| फेल्डस्पॅथिक (पारंपरिक) पोर्सिलेन | ६० ते ७० | ६० ते ११० |
| लिथियम डायसिलिकेट (ई-मॅक्स) | सुमारे ९५ | ३६० ते ५०० |
| झिरकोनिया | २०० ते २१० | ५०० ते १२०० |

ताकदीच्या रकान्यात फेल्डस्पॅथिक पोर्सिलेन जवळजवळ तळाला आहे. तरीही नीट बसवलेली पोर्सिलेनची व्हेनिअर्स वर्षानुवर्षं टिकतात. याचं उत्तर कडकपणाच्या रकान्यात आहे. पोर्सिलेनचा कडकपणा एनॅमलच्या जवळचा असतो, त्यामुळे घासून काढलेल्या एनॅमलच्या जागी ते बसलं की दात पुन्हा जवळपास पूर्वीइतकाच वाकतो. कंपोझिट बरंच मऊ असतं. ते स्वतः फारसा भार उचलत नाही, वाकतं आणि ताण चिकटलेल्या थराकडे आणि दाताकडे सरकवतं. झिरकोनिया दुसऱ्या टोकाला: एनॅमलच्या अडीच पट कडक. भार स्वतःवर घेते, तुटत तर जवळजवळ नाहीच, पण मग सगळी परीक्षा चिकटवणीची होते.

ताण नेमका कुठे पडतो

सिरॅमिक कुठलंही असो (पोर्सिलेन, ई-मॅक्स, झिरकोनिया), दाबाला दणकट आणि ओढीला कच्चं. त्यामुळे दाताच्या कुठल्या भागात दाब आहे आणि कुठल्या भागात ओढ, हे कळलं की निम्मा निर्णय सोपा होतो. नेहमीच्या बाइटमध्ये खालचे दात वरच्या दातांच्या मागच्या, टाळूकडच्या बाजूला टेकतात आणि त्यांना बाहेर ढकलतात. अशा वेळी मागच्या खोलगट भागात ओढ पडते आणि पुढच्या बाजूला, हिरडीजवळ, दाब. व्हेनिअर पुढच्या बाजूला असतं, म्हणजे बऱ्यापैकी सुरक्षित जागी. म्हणूनच वरच्या दातांवर कमी ताकदीचं पोर्सिलेनही निभावतं. खालच्या दातांचं उलट आहे. तिथे वरचा दात थेट व्हेनिअरच्या कडेवर आणि पुढच्या पृष्ठभागावर येतो. खालच्या दातांसाठी फेल्डस्पॅथिक आम्ही सुचवत नाही.

यातूनच कडेचा मुद्दा निघतो. दाताची धार १.५ मिलिमीटरच्या आसपास कमी करून सिरॅमिक तिथे सरळ टेकवावं. ते मागे वळवून खोलगट भागात नेलं, तर सिरॅमिकची सगळ्यात पातळ जीभ नेमकी ओढीच्या जागी येते आणि तिथून तडा जातो. डॉक्टरांना हे जरूर विचारा: 'मागची कड सरळ ठेवणार की टाळूकडे वळवणार?'

जाडीचा हिशेब साधा नसतो. आधार नसलेल्या पातळ पट्टीची जाडी निम्मी केली की तिची भार पेलायची ताकद चौथाईवर येते. त्यामुळे 'जाड करा, मजबूत होईल' असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ती जाडी दात घासूनच मिळते. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीजवळ एनॅमल जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर असतं, मध्यभागी ०.६ ते १, धारेजवळ थोडं जास्त. हिरडीजवळ अर्धा मिलिमीटर घासलं की डेंटीन उघडं पडतं. डेंटीन मऊ, म्हणजे आधारच वाकतो. वरचं सिरॅमिक त्याच्याबरोबर वाकतं, त्याच्या आतल्या बाजूला ओढ पडते आणि तडा आतून सुरू होतो. बाहेरून दिसेपर्यंत तो आरपार गेलेला असतो. शिवाय डेंटीनवरची चिकटवण एनॅमलइतकी भरवशाची नसते. म्हणून ०.४ मिलिमीटरचं व्हेनिअर एनॅमलवर बसलेलं असेल, तर ते डेंटीनवरच्या ०.८ मिलिमीटरच्या व्हेनिअरपेक्षा आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं.

दात फार काळे-पिवळे असतील तर मात्र रंग झाकायला जाडी लागतेच. तिथे आधी ब्लीचिंग करून रंग जमेल तितका उजळवा, मग कमी घासून भागतं. ब्लीचिंगनंतर किमान दोन आठवडे थांबा. दातात उरलेला ऑक्सिजन सिमेंट नीट घट्ट होऊ देत नाही.

फ्लोरोसिसचे, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे पडलेले डाग हे पुण्यात व्हेनिअर मागण्याचं एक कारण आहे, विशेषतः मराठवाडा-विदर्भातल्या फ्लोराइडयुक्त पाण्याच्या गावांतून इथे आलेल्यांमध्ये. चिकटवण्याआधी एनॅमल ॲसिडने खरवडतात, पण अशा एनॅमलचा वरचा थर ॲसिडला दाद देत नाही. ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड एरवी १५ ते ३० सेकंद पुरतं, इथे वरचा थर हलका घासून ते जास्त वेळ ठेवावं लागतं. हे केलं नाही तर साहित्य कितीही भारी असो, सुटायचं ते सुटतंच.

एकेकाचा स्वभाव

कंपोझिट थेट खुर्चीवर लावता येतं, दात जवळपास न घासता. तरुण मुलांसाठी, एखाद-दुसऱ्या दातासाठी, किंवा पुढे ब्रेसेस लावायचा विचार असेल तर आम्ही आधी हेच सांगू. त्याची अडचण घट्ट होतानाच सुरू होते. लाइट लावल्यावर ते आकारमानाने २ ते ३ टक्के आक्रसतं आणि कडेला ओढ देतं, म्हणून थराथराने लावावं लागतं. दुसरी अडचण उष्णतेची. एनॅमल आणि ई-मॅक्स गरमीने साधारण सारखेच फुगतात. कंपोझिट त्यांच्या दुप्पट ते चौपट. थंडगार मस्तानीवर कडक अमृततुल्य चहा घेतला की कड दर वेळी थोडी सरकते. कालांतराने तिथे चहाची तपकिरी रेघ दिसू लागते. ती रेघ फक्त डाग समजू नका, कड उघडत असल्याची ती पहिली खूण असते. चांगली बाजू अशी की टवका उडाला तर त्याच बैठकीत दुरुस्त होतो आणि समोरचा दात झिजत नाही.

फेल्डस्पॅथिक दिसायला सगळ्यात सुंदर, पण ते थर देत हाताने घडवणारा तंत्रज्ञ हवा. एनॅमल भरपूर, बाइट शांत, वरचे दात: या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच घ्या.

ई-मॅक्स हा बहुतेकांसाठी आमचा पहिला कौल. कडकपणा एनॅमलच्या थोडा वर, ताकद पोर्सिलेनच्या किमान तिप्पट, आणि त्यात काच असल्याने ॲसिडने खरवडून घट्ट चिकटवता येतं. इथे वेळेला महत्त्व आहे: ५ टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड २० सेकंद. फेल्डस्पॅथिकला ९ ते १० टक्क्यांचं ॲसिड ६० ते ९० सेकंद लागतं. तोच वेळ ई-मॅक्सला दिला तर पृष्ठभाग पोखरला जातो आणि पातळ तुकडा कमजोर होतो. नंतर दिसणारी पांढरी पूड अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुऊन काढायची, मग सिलेन (सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारं द्रव) ६० सेकंद.

झिरकोनियाबद्दल दुकानदारी भाषेत 'न तुटणारी' असं सांगितलं जातं. सहसा तुटत नाही हे खरं, पण तिच्यात काच नाही, त्यामुळे ॲसिडचा उपयोग शून्य. ५० मायक्रॉन ॲल्युमिनाचा मारा १ ते २ बारच्या हलक्या दाबाने करून एमडीपी (झिरकोनियाला धरणारं रसायन) असलेला प्रायमर लावावा लागतो. मधे लाळ लागली आणि ती फॉस्फोरिक ॲसिडने पुसली, तर प्रायमर ज्या जागांना धरतो त्या फॉस्फेटने आधीच अडतात. परिणाम: व्हेनिअर अखंड राहतं आणि अख्खंच हातात येतं. चांगल्या एनॅमलवरच्या साध्या व्हेनिअरला झिरकोनिया घेण्याचं सबळ कारण आम्हाला दिसत नाही. रूट कॅनल झालेला, फार काळा, बराच खचलेला दात असेल तर तिचा विचार व्हावा, आणि तेव्हा बहुधा पूर्ण कॅपच योग्य ठरते.

हायब्रीड सिरॅमिक मधल्या वाटेचं आहे. धक्का पचवतं, कडा टवकत नाहीत, पण चमक लवकर उतरते.

जे साहित्यापेक्षा जास्त बिघडवतं

सिमेंटचा थर. सिमेंटही आक्रसतं आणि पातळ सिरॅमिकला आतून ओढतं. सिरॅमिकची जाडी सिमेंटच्या किमान तिप्पट असावी, म्हणजे ०.५ मिलिमीटरच्या व्हेनिअरखाली सिमेंट १५० मायक्रॉनच्या वर नको. लॅबने आत जास्त जागा सोडली किंवा माप ढिलं आलं, तर बसवल्यावर काही आठवड्यांत, काहीही चावलेलं नसताना, केसासारखी रेघ उमटते. याचा दोष सहसा सिरॅमिकवर जातो.

बाइट तपासणी. चिकटवण्याआधी रंगीत कागद ठेवून 'चावा' म्हणू नये. आधार नसलेलं व्हेनिअर तिथेच मोडतं. तपासणी चिकटवल्यावर, खाली-वर आणि डावीकडे-उजवीकडे सरकवून. कुठे घासावं लागलं तर बारीक हिऱ्याच्या बरने (घासायच्या टोकाने) पाणी सोडत, आणि नंतर पूर्ण पॉलिश. खरखरीत राहिलेल्या ओरखड्यातूनच पुढे तडा वाढतो.

झोपेत दात खाण्याची सवय असेल, धारा सपाट झिजलेल्या असतील, किंवा वरचे-खालचे दात धारेवर धार टेकत असतील, तर फेल्डस्पॅथिक यादीतून काढा आणि रात्री घालायच्या कडक ॲक्रिलिकच्या गार्डचा खर्च आधीच धरा. मागच्या दाढा पडलेल्या असतील तर आधी त्या बसवा. दाढा नसताना सगळं चावणं पुढच्या दातांवर येतं आणि तो भार कुठलंच व्हेनिअर फार काळ सोसत नाही. आणि सिंहगडावरचं भाजलेलं कणीस किंवा कडक पेरू थेट पुढच्या दातांनी तोडू नका. सुरीने कापा, कणसाचे दाणे सोडवून खा.

दोन डॉक्टरांची मतं जुळत नसतील तर धनकवडीचं भारती विद्यापीठ, आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला किंवा पिंपरीचं डी. वाय. पाटील अशा दंत महाविद्यालयांत प्रोस्थोडॉन्टिक्स (कॅप, कृत्रिम दात बसवणाऱ्या) विभागात दाखवता येतं. जाताना एक्स-रे आणि दातांचे मॉडेल सोबत न्या.

व्हेनिअर निघालंच तर ते फेव्हिक्विकने चिकटवू नका, घासूनही काढू नका; तसंच डबीत घालून न्या. सिमेंट दातावर राहिलं असेल आणि व्हेनिअरची आतली बाजू स्वच्छ असेल, तर सिरॅमिकवरची प्रक्रिया कमी पडली. ती बाजू पुन्हा तयार करून बहुधा तेच व्हेनिअर बसवता येतं. सिमेंट व्हेनिअरबरोबर आलं आणि दात कोरा असेल, तर दाताच्या बाजूने गडबड झाली: ओलावा, लाळ, किंवा उघडं डेंटीन. अशा वेळी साहित्य बदलून काही साधत नाही. नवीन व्हेनिअरचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांना विचारा, त्या दातावर एनॅमल किती उरलं आहे.