मागची चाकं आधी बघणारे अलाइनमेंटवाले, भांडुप

काही महिन्यांत तीन वेळा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं आणि तरी स्टेअरिंग सरळ होत नव्हतं, शेवटी चौथ्या ठिकाणी काम झालं म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण असे पैसे वाया घालवणारे मुंबईत बरेच असणार याची मला खात्री आहे.

गाडी स्कोडा लॉरा, २०११ ची, सेकंड हँड घेतलेली पण जिवापाड जपलेली. जूनमध्ये जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पाणी साचलेलं असताना मागचं डावं चाक खड्ड्यात असं आपटलं की मागे बसलेली आई किंचाळलीच. रिम वाकलं होतं ते ठोकून सरळ करून घेतलं, टायर वाचला, वाटलं मिटलं. शहरात पुढे काही जाणवलंही नाही कारण मुंबईत आपण सलग सरळ गाडी चालवतो तरी कुठे, रिक्षा, बस, मेट्रोच्या कामाचे पत्रे, स्टेअरिंग सतत हलतंच असतं. पण उरणला मावशीकडे जाताना अटल सेतूवर चढलो आणि सरळ रस्त्यावर गाडी सरळ जातेय, हात मात्र उजवीकडे वळवून धरलेला, स्टेअरिंगवरचा लोगो कललेला. त्यात मागून हूं असा आवाज, साठच्या पुढे वाढणारा. मला वाटलं बेअरिंग गेलं.

पहिल्या टायरवाल्याने पुढची दोन चाकं बघितली, टाय रॉड (पुढच्या चाकांची दिशा लावणारे दांडे) फिरवले, झालं म्हणाला. दोन दिवसांनी तेच. दुसऱ्याकडे तर चारही चाकांना लावायचं थ्रीडी मशीन होतं, स्क्रीनवर मागचे आकडे लाल दिसत होते, मी बोट दाखवून विचारलं तर उत्तर आलं, "साहब, पीछे का नहीं होता, आगे का कर दिया ना." तिसऱ्याने कमालच केली, स्टेअरिंगच काढलं आणि एक दात फिरवून परत बसवलं! लोगो सरळ दिसायला लागला आणि मूळ दुखणं जागच्या जागी. ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टेअरिंग किती वळलंय हे सांगणारा सेन्सर असतो, असं काढून फिरवलं की त्याचा शून्य चुकू शकतो. हे कुणी करायला लागलं तर सरळ हात धरून थांबवा.

मग ऑफिसमधल्या मित्राने भांडुपचं हे दुकान सांगितलं, एलबीएस रोडवरून आत गेलं की लागतं, दोनच लिफ्ट, बाहेर पाटीही धड दिसत नाही. इथले काका साठीचे असतील, बोलणं कमी. गाडी मशीनवर घ्यायच्या आधीच त्यांनी मागच्या टायरवर तळहात फिरवला, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत, आणि मला म्हणाले तुम्हीपण फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं टोचत होतं. म्हणाले, "बेअरिंगला हात लावू नका, आवाज या टायरचा आहे, टायर आडवा घासतोय."

त्यानंतर काय केलं ते क्रमाने सांगतो कारण सगळी गंमत त्या क्रमातच आहे. आधी चारही टायरची हवा एकसारखी केली. मग गाडी वर घेऊन एकेक चाक हलवून बॉल जॉइंट, बुश, टाय रॉडमध्ये खेळ आहे का बघितलं, कारण काही ढिलं असेल तर मोजून उपयोग नाही, पहिल्या खड्ड्यात आकडे बदलणार. मग चारही चाकांना टार्गेट (मशीनचा कॅमेरा बघतो त्या पाट्या) लावले, गाडी थोडी मागेपुढे ढकलून रिमच्या वाकडेपणाचा हिशोब मशीनला दिला आणि पहिली प्रिंट काढली, काम करण्याआधीची. मागचं डावं चाक १ डिग्री २ मिनिटं आत वळलेलं, उजवं फक्त ६ मिनिटं (६० मिनिटांची १ डिग्री). म्हणजे दोघांत ५६ मिनिटांचा फरक, त्याचा निम्मा २८, आणि तेवढा थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं मिळून गाडीच्या मध्यरेषेपासून जितकी तिरकी बघतात तो कोन.

हा थ्रस्ट अँगल मला काकांनी हातगाडीचं उदाहरण देऊन समजावला आणि तेव्हा कुठे डोक्यात बसला. पुढची चाकं वळतात म्हणून आपल्याला वाटतं दिशा तीच ठरवतात, पण गाडीच्या मागच्या बाजूने कुठे जायचं ते मागची चाकं ठरवतात. माझी मागची चाकं मिळून जरा उजवीकडे ढकलत होती, त्यामुळे नाक डावीकडे फिरायला बघायचं आणि सरळ जायचं तर पुढची चाकंही तेवढीच उजवीकडे धरावी लागायची. गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालली होती! मग पुढची चाकं गाडीच्या मध्यरेषेला कितीही बरोबर लावा, स्टेअरिंग वाकडंच राहणार. म्हणून आधी मागचं बरोबर करायचं आणि मग मागच्या चाकांच्या दिशेला धरून पुढचं, उलटं कधीच नाही.

आणि एक गोष्ट मला आधी अजिबात माहीत नव्हती. उजवं चाक बरोबर होतं तरी उजवा टायरही तितकाच झिजला होता. कारण धावताना दोन्ही चाकं ती चूक वाटून घेतात, दोघांची मिळून ६८, प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी म्हणजे ३४ मिनिटं. घरी येऊन गणित केलं, ३४ मिनिटं म्हणजे दर किलोमीटरला टायर जवळपास १० मीटर आडवा फरफटत जातो. भांडुप ते बीकेसी रोजचं येणंजाणं धरा आणि बघा काय होतं रबराचं.

लॉराला मागे मल्टीलिंक सस्पेन्शन आहे (प्रत्येक चाक स्वतंत्र, अनेक आर्मवर), त्यामुळे मागचा टो (चाक आत-बाहेर वळण्याचा कोन) आणि कॅम्बर (चाक उभ्यात आत-बाहेर कलण्याचा कोन) दोन्ही ॲडजस्ट होतात, त्यासाठी एक्सेंट्रिक बोल्ट, म्हणजे फिरवले की कोन बदलणारे बोल्ट, दिलेले असतात. "पीछे का नहीं होता" हे माझ्या गाडीसाठी साफ खोटं होतं. पण मुंबईची खारी हवा आणि साचलेल्या पाण्यातून इतके पावसाळे, बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून पार जाम. ऑइल मारून अर्धा तास थांबले, नाहीच हलला, शेवटी मला विचारून ग्राइंडरने कापला. खालचा आर्मही वाकला होता, उजव्या बाजूच्या आर्मशेजारी धरून दाखवला तेव्हा फरक डोळ्यांना दिसत होता. पार्ट दुसऱ्या दिवशी आला, गाडी रात्रभर तिथेच. खर्च: आर्म आणि बोल्ट ४८००, मजुरी १२००, अलाइनमेंट १५००. जास्त वाटेल, पण आधीच्या तीन ठिकाणी मिळून २७०० गेले ते कशासाठी?

शेवटी स्टेअरिंग मूळ जागी बसवलं, सरळ लॉक केलं, मागचं लावलं, मग पुढचं, स्कॅनर लावून सेन्सरचा शून्य सेट केला आणि काका स्वतः शेजारी बसून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर चक्कर मारून आले. नंतरच्या प्रिंटमध्ये थ्रस्ट अँगल १ मिनिट. गाडी अजून अगदी थोडी डावीकडे जाते असं मी म्हटलं तर म्हणाले रस्ताच पाणी जायला डावीकडे उतरता असतो, मधल्या लेनमध्ये घ्या. घेतली, सरळ गेली.

कमी काय वाटलं? रविवारी जाऊ नका, मी अडीच तास उभा होतो आणि बसायला एकच प्लास्टिकची खुर्ची. आधीची प्रिंट मागितल्याशिवाय घरी न्यायला देत नाहीत, ती त्यांनी स्वतःहून द्यायला हवी, तोच तर गिऱ्हाइकाकडे पुरावा असतो. कार्ड चालत नाही, यूपीआय किंवा कॅश. मागच्या टायरचा आवाज पूर्ण गेलेला नाही, एकदा करवत झालेला टायर लगेच गप्प होत नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, ते दोन टायर मी दिवाळीनंतर बदलेन.

धाकट्या भावाची स्विफ्ट पण नेली होती मागच्या शनिवारी. तिला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई), त्यात फिरवायला बोल्टच नाही, तरी काकांनी मागची चाकं मोजली. बरोबर निघाली. आकडे बिघडलेले असते तर बीम किंवा हब वाकलाय हे कळलं असतं आणि मग पुढचे टाय रॉड फिरवत बसायची गरज नव्हती असं त्यांनी त्याला समजावलं. त्याचे फक्त पुढच्या चाकांचे पैसे घेतले.