स्टीमर घेतला म्हणून इस्त्री मोडीत काढू नका

हातात धरून कपड्यांवर वाफ मारायचा गारमेंट स्टीमर आता बेळगावात मिक्सर-कुकरच्या दुकानांतही मिळतो. दुकानदार तो ‘इस्त्रीच्या ऐवजी’ म्हणून दाखवतो आणि तिथंच गिऱ्हाईक फसतं. साड्यांसाठी हे यंत्र उत्तम, सुती शर्टाला जेमतेम, आणि खळ घातलेल्या धोतराला किंवा गांधी टोपीला अगदीच बिनकामाचं.

कारण साधं आहे. इस्त्री एका फेरीत तीन कामं उरकते: तापवते, दाबते आणि वाळवते. सुती कापडासाठी तिचा तळ 200 अंशांच्या आसपास तापतो. स्टीमरची वाफ कापडाला लागते तेव्हा फार तर 100 अंशांच्या आसपास असते आणि दाब जवळपास नसतोच. तंतू ओलाव्यानं सैल पडतात आणि कापड स्वतःच्या वजनानं सरळ होतं, एवढीच त्यामागची किमया. म्हणून जॉर्जेट, शिफॉन, क्रेप, रेशीम, लोकर पटकन वळणावर येतात. खादी, लिनन आणि जाड सुती कापड हटून बसतं. पँटीची धारदार घडी वाफेनं पडत नाही, आणि आहे तीही सैल पडते. खळीचं तर विचारूच नका. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी कडक करून आणलेल्या झब्ब्यावर वाफ मारली की खळ नरम पडते आणि झब्बा लोंबायला लागतो.

साडीला मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही, फक्त पद्धत हवी. साडी दोरीवर दुहेरी टाकू नका. दोन थरांच्या मधे वाफ अडते आणि आतल्या बाजूला ओले डाग राहतात. उंच दांडीवर एकेरी सोडा, काठाला चिमटे लावा. निऱ्यांच्या आत जाणाऱ्या टोकावर आधी वाफ मारून बघा: रंग सुटतो का, पाण्याचा डाग उमटतो का. मग उलट्या बाजूनं, वरून खाली, रिकाम्या हातानं खालचा काठ हलका ताणत. रेशमावर स्टीमरचं तोंड तीन-चार सेंटिमीटर लांब ठेवायचं, सिंथेटिकवर एखादा सेंटिमीटर पुरे. सुती कापडावर टेकवूनच फिरवावं लागतं. जरीच्या काठावर समोरून वाफ नको. अस्सल चांदीची जर ओलाव्यात लवकर काळवंडते.

इरकलीचं गणित वेगळं. अंग सुती आणि पदर रेशमी असेल तर पदरावर स्टीमर आणि अंगावर इस्त्री, अशी वाटणी करायची. नव्या सुती इरकलीला विणकराची खळ असते. सगळीकडे वाफ मारली तर नेसताना निऱ्या उभ्या राहत नाहीत. फॉल आटून काठ चुणला असेल तर वाफेनं तो सुटत नाही. फॉलच्या बाजूनं इस्त्री दाबावी लागते, नाहीतर फॉल उसवून पुन्हा लावायचा. अस्तर आणि पॅड लावलेल्या खणाच्या ब्लाउजला मात्र स्टीमरच बरा, कारण इस्त्रीच्या दाबानं पॅडचा आकार जातो. टिकल्या-आरसे डिंकानं चिकटवलेले असतील तिथं वाफ नेऊच नका, डिंक सुटतो.

आता आकडे. घरगुती यंत्रं बहुधा 1200 ते 1600 वॅटची असतात, टाकी 200 ते 250 मिलीची. पेटीवर ‘मिनिटाला 20 ग्रॅम वाफ’ लिहिलेलं असेल तर 250 मिली पाणी साडेबारा मिनिटांत संपणार. तेवढ्यात एक साडी होते, किंवा दोन-तीन शर्ट. 1500 वॅटचं यंत्र सुमारे साडेसहा अँपिअर ओढतं, म्हणजे भिंतीवरच्या साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटला ते जास्तच आहे. प्लग गरम लागला तर लगेच काढा आणि 16 अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर लावा. स्वस्तातला एक्स्टेंशन बोर्ड नकोच. लाईट गेल्यावर घरातल्या नेहमीच्या इन्व्हर्टरवर हे चालवायचा विचारही करू नका.

सगळ्यात जास्त तक्रार एकच: वाफेबरोबर पाणी थुंकतं. बहुतेक वेळा यंत्र पुरतं तापायच्या आत बटण दाबलेलं असतं. दिवा विझल्यावर किंवा रंग बदलल्यावर आणखी दहा सेकंद थांबा आणि पहिला फवारा बादलीत सोडा. टाकी खुणेच्या वर भरली किंवा यंत्र आडवं धरलं तरी तेच होतं. आडवं धरून चालतं असं पेटीवर लिहिलेलं नसेल तर ते उभंच धरायचं. एवढं सांभाळूनही थुंकत असेल तर आत क्षार धरलेत. बोअरच्या पाण्यानं हे लवकर होतं आणि पांढरे कण गडद साडीवर पडतात. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा. अत्तर, सॉफ्टनर टाकीत घालू नका. क्षार काढायला, माहितीपुस्तिकेत मनाई नसेल तर, 250 मिली पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवून अर्धी टाकी वाफ सोडायची, बंद करून अर्धा तास ठेवायचं, उरलेलं ओतून द्यायचं आणि दोन टाक्या साध्या पाण्याच्या काढायच्या. त्यानंतर पहिली वाफ जुन्या फडक्यावर.

पावसाळ्यात या यंत्राची खरी पंचाईत होते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर कपडे धड वाळत नाहीत. शाळेचा दमट युनिफॉर्म इस्त्रीखालीच वाळवून पोराच्या अंगावर चढतो. स्टीमर उलट ओलावा घालतो. वाफ दिलेला कपडा उन्हाळ्यात पाच मिनिटांत कोरडा होतो, पावसात पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं टांगायलाच हवा. तसाच घडी घालून कपाटात ठेवला तर कुबट वास येतो, पुढं बुरशी.

अंगावरच्या कपड्यावर वाफ मारणारे महाभागही आहेत. तसलं करू नये. वाफेनं भाजलेलं गरम पाण्यापेक्षा वाईट असतं. ताणणाऱ्या हातात जाड मोजा घाला.

ज्या घरात रोज तीन युनिफॉर्म आणि ऑफिसचे सुती शर्ट असतात, तिथं याच पैशात चांगली स्टीम इस्त्री घ्यावी किंवा परटाचा हिशेब चालू ठेवावा. साड्या, ड्रेस, सणासुदीचे कपडे जास्त असतील तर स्टीमर जरूर घ्या. घेताना दुकानातच टाकी भरून हात खांद्याच्या वर दोन मिनिटं धरून बघा, कारण भरलेलं यंत्र किलोच्या वर गेलं तर अर्ध्या साडीतच मनगट भरून येतं. वायर दोन मीटरपेक्षा आखूड नको. टाकी सुटी मिळते का तेही विचारा, कारण पडली की आधी तीच फुटते.