ग्रामीण बी.एड. महाविद्यालयासाठी एनसीटीईची चौकट: इमारतीला चोख, सरावाला तोकडी

गावात बी.एड. महाविद्यालय काढायचं म्हटलं की एनसीटीईची (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) २०१४ ची नियमावली आधी हातात घ्यावी लागते. जमीन-इमारतीबाबत ती नेमकी आहे, आणि ते चांगलंच आहे. पण छात्राध्यापक, म्हणजे बी.एड. करणारे विद्यार्थी, शाळेत जाऊन शिकवायला शिकणार कसे, हा ग्रामीण भागातला खरा प्रश्न ती जवळजवळ संस्थेवरच सोडते.

५० जागांच्या एका तुकडीला २५०० चौ.मी. जमीन लागते, त्यात १५०० चौ.मी. बांधकाम. म्हणजे जेमतेम २५ गुंठे. बोअर, शोषखड्डा, मैदान आणि मुलींचं वसतिगृह धरलं की एक एकरसुद्धा कमी पडतो. जागा मालकीची हवी, नाहीतर शासनाकडून किमान ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेली. गावातल्या दात्याने साधा करार करून वापरायला दिलेली जागा चालत नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्र, फेरफार, सातबाऱ्यावर संस्थेचं नाव आणि बिगरशेती परवानगी हे सगळं हवं. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात शेतजमीन असेल तर बक्षीसपत्राआधीच कुळकायद्याच्या कलम ६३ खालची (शेतकरी नसलेल्याला शेतजमीन देण्याची) परवानगी बघा. नंतर धावपळ करून हे निस्तरत नाही.

ॲस्बेस्टॉस पत्र्याचं छप्पर अजिबात नको. निकषापेक्षा जादा बांधलेल्या खोलीवरही ते चालत नाही, तात्पुरती शेडही नाही. सभागृह २०० जणांचं, ग्रंथालयात १००० शीर्षकं आणि ३००० पुस्तकं. ५ लाखांचा स्थायी निधी आणि ७ लाखांचा राखीव निधी बँकेत अडकून राहतो. प्राध्यापकांच्या पगाराची तरतूद त्याच्या बाहेर ठेवावी.

आता सराव. दोन वर्षांत २० आठवडे शाळेत काढायचे, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी, आणि हजेरी ९० टक्के. आठवड्याचे सहा दिवस धरले तर या १६ आठवड्यांच्या ९६ दिवसांत नऊच दिवसांची सूट. पावसात एसटी बंद पडली की ती पहिल्या दोन महिन्यांतच संपते. एका तुकडीला प्राध्यापक आठ. त्यांनी पहिल्या वर्षाचे तासही घ्यायचे आणि शाळांत जाऊन छात्राध्यापकांचे पाठही बघायचे. शाळा ३० किलोमीटरवर असेल तर दोन पाठांमागे अख्खा दिवस जातो. मग निरीक्षण वहीतल्या सहीपुरतं उरतं. ज्या छात्राध्यापकाचा पाठ कुणी बसून पाहिलाच नाही, त्याचं नुकसान पुढे वर्गातल्या मुलांना सोसावं लागतं.

म्हणून जागा ठरवण्याआधी नकाशावर १० किलोमीटरचा घेर काढा. त्यात एकेका शाळेत पाचजण पाठवता येतील अशा दहा माध्यमिक शाळा हव्यात. एवढ्या शाळा नसतील तर फुकट मिळणारी जमीनसुद्धा महाग पडते. वेळापत्रकही आधी मांडा: दिवाळीनंतर १६ आठवडे धरले तर शेवट दहावीच्या परीक्षेवर आदळतो, जूनमध्ये शाळा उघडताच सुरू केले तर सगळा पावसाळा अंगावर येतो. जुलैच्या मध्यावर सुरू करून दिवाळीची सुट्टी मध्ये घेणं त्यातल्या त्यात बरं.

आणखी एक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत अध्यापक शिक्षण बहुविद्याशाखीय, म्हणजे अनेक विद्याशाखा एकत्र असलेल्या, संस्थांत न्यायचं आहे. माळावर एकटं बी.एड. महाविद्यालय उभं करण्यापेक्षा तालुक्यातल्या चालत्या कला-विज्ञान महाविद्यालयाशी जोडून घ्या. त्याचं ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि एसटीचा थांबा तिथे आधीपासून असतो.